दवाखान्यातले जेल

जेल म्हणजे तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दवाखान्यातले जेल निराळे. ते पाण्यासारखे, पण घट्ट आणि बुळबुळीत असते.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. लोक त्याला थोरला दवाखाना म्हणतात. खेड्यापाड्यांतून रोगी तिथे येतात. अशा दवाखान्यात गरोदर बाईची सोनोग्राफी करताना आधी पोटावर जेल लावतात. बाई दचकते.

"हे गार गार काय लावलं ओ सिस्टर? बाळाला काय हुणार न्हाई न्हवं?"

"भिऊ नका, ताई. हे औषध नव्हे. ह्यात बहुतेक पाणीच असतं."

विहिरीत हाक मारली की हाक परत येते. सोनोग्राफीचे यंत्र असेच काम करते. ते पोटात आवाज सोडते. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो आतून परत येतो. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते.

मग जेल कशाला? भाकरी तव्यापासून उचलली गेली, की तिथे कच्ची राहते. मध्ये हवा असते. तसेच यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली, तर आवाज तिथूनच माघारी फिरतो. चित्र उमटत नाही. जेल ही हवा घालवते.

छातीत दुखले तर ई.सी.जी. काढतात. आपल्या हृदयात बारीकशी वीज तयार होते. कोरड्या कातडीतून ती यंत्राला नीट मिळत नाही. म्हणून छातीवर आणि हातापायांवर दुसरे जेल लावतात. त्यात क्षार असतात. त्यातून वीज सहज जाते. कुठे जेलच्या चिकटपट्ट्या लावतात.

तारा पाहून काहींना वाटते, आता शॉक बसणार! पण हे यंत्र अंगात वीज सोडत नाही. अंगातली वीज फक्त मोजते. म्हणून भिऊन छातीतली कळ अंगावर काढू नका. उशीर जिवावर बेततो. 108 नंबरला फोन करा.

अंगावर जखम असेल तर आधी सांगा. तिथे बंद पाकिटातले निर्जंतुक जेल लागते. खाज सुटली तरी सांगा. काम झाले, की जेल पुसून टाका. पाण्याने ते धुऊन जाते.

सांगा पाहू :
1. सोनोग्राफीत जेल का लावतात?
2. ई.सी.जी. काढताना शॉक का बसत नाही?
3. छातीत कळ आली तर काय कराल?