सबब

हरिपाठाला उशीर झाला की काशीमीऱ्यात एक उत्तर हमखास तयार असते, "काय करणार बुवा, नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या." हे काही खोटे नसते. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला इथेच मिळतो, आणि सांजवेळी तिथली दाटी आम्हा सर्वांच्या पाठची आहे. पण ती कालही होती, परवाही होती! एखाद दिवशी अपघात झाला, पावसाने रस्ता अडला, तर गोष्ट निराळी. जी अडचण रोज ठरल्या वेळी येते ती जमेस धरूनच घरून निघायला हवे.

सबबीचे कपट हेच की ती बहुधा खरी असते. धडधडीत खोटे बोलताना जीभ थोडी तरी अडखळते; अर्धे खरे बोलताना मन कसे निवांत असते. आणि गंमत पाहा, त्याच दाटीत अडकून शेजारचा उशिरा आला, की आपण म्हणतो, "त्याला नेमाची गोडीच नाही." आपला उशीर रस्त्यामुळे, त्याचा मात्र आळसामुळे! एडवर्ड जोन्स व रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली माणसाची हीच खोड मांडली, की स्वतःच्या वागण्याचे कारण तो परिस्थितीत पाहतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचे त्याच्या स्वभावात. यात आपण सुधारत नाही हे तर झालेच. पण कारखान्यातली पाळी संपवून खरोखर धावतपळत येणारा गडी असले बोल ऐकून एक दिवस यायचाच थांबतो. त्याची अडचण कोणी विचारलेलीच नसते.

असो. नामदेवरायांची कथा आपल्याला ठाऊक आहेच. तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव रुसून पंढरीला गेले, देवापुढे गाऱ्हाणे मांडले. एवढा लाडका भक्त, तेव्हा देव आपलीच बाजू घेणार अशी त्यांची खात्री. पण कथा सांगते की देवानेही गोरोबांचाच निवाडा खरा धरला. पुढे औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांचा प्रसंग कीर्तनकार रंगवून सांगतात, आणि तो रंगतोही. आम्हाला मात्र त्याआधीची पंढरी ते औंढा ही वाटच मोठी वाटते. संतांच्या सभेत कच्चा ठरलेला हा मानी भक्त ती वाट चालला, ती गुरू करायला.