माणूस समोर नसताना संगणक चुकला तर?



जळगावच्या फुले मार्केटमधील कापड दुकानदार असो की धुळ्याचा लूमवाला, आज बहुतेक पेढ्यांत संगणक आहे. पण त्याच्याकडून काम घेण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींत चूक सांभाळण्याची तऱ्हा वेगळी आहे, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. तेही नुकसान सोसून. म्हणून हा धडा.

पहिली रीत समोरासमोरची. मुनीम एकेक बिल टाकतो. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांत एक चुकले तर पडदा तिथेच अडतो. मुनीम दुरुस्ती करतो व पुढे जातो. दुसरी रीत गठ्ठ्याची, तिला बॅच म्हणतात. शंभर नोंदींची फाइल एकदम द्यायची आणि उठून जायचे. येथे यंत्राने प्रश्न विचारला तरी उत्तर देणारा हजर नसतो.

आपल्या लूमवरून हे चटकन समजते. साध्या लूमवर ताण्याचा धागा तुटला तरी लूम चालूच राहतो आणि कापडात दोष उतरतो. म्हणून कारीगराची नजर लागते. ज्या लूमला ड्रॉपर आहेत, तेथे धागा तुटताच ड्रॉपर खाली पडतो व लूम आपोआप थांबतो. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १८९६ साली आपल्या यंत्रमागाला बाण्याचा धागा संपताच थांबण्याची सोय केली. अशा सोयींमुळेच एक कामगार अनेक माग सांभाळू लागला. थोडक्यात, नजर हटवायची असेल तर थांबण्याची सोय आधी हवी.

बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांत हेच तत्त्व आहे. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० जाहीर केली. त्या घराण्याच्या यंत्रांत बॅचच्या कामाची प्रत्येक पायरी संपताना एक आकडा मागे ठेवते. रिवाज असा की ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर चूक. कोणत्या आकड्यावर पुढची पायरी चालवायची व कोणत्यावर गाळायची, हे काम देतानाच लिहून द्यावे लागते. तीच चुकीची आज्ञा टर्मिनलवर बसून दिली तर यंत्र संदेश दाखवते आणि थांबते. पुढचा निर्णय माणूस घेतो.

आता आमची कथा. रमजान ईदच्या आठवड्यात ६० कारीगरांच्या मजुरीची फाइल बँकेला पाठवली. ४ ओळी नाकारल्या गेल्या. खाते क्रमांकातील सुरुवातीची शून्ये एक्सेलने खाल्ली होती. मुनीमजींनी त्या ४ ओळी दुरुस्त केल्या आणि सगळी फाइल पुन्हा पाठवली. ५६ जणांना मजुरी दोनदा गेली. ईदच्या खर्चात पैसे गेलेल्या कारीगराकडे तोंड वर करून मागणार कसे? हप्त्याहप्त्याने वसुली होण्यास बरेच महिने लागले. दोष कारीगरांचा नव्हता, आमचा होता.

तेव्हापासून आम्ही पुढील नियम पाळतो.

१. फाइल देण्यापूर्वीच ठरवा: एक ओळ चुकली तर सगळे थांबावे की बाकीचे पुढे जावे? मजुरीत बाकीचे जाऊ द्यावे. वर्षअखेरच्या शिलका पुढे ओढताना पहिल्याच चुकीला थांबावे.

२. निकाल वाचल्याशिवाय उठू नका. दिलेल्या ओळी म्हणजे मंजूर अधिक नामंजूर, हा मेळ संख्येने व रकमेने बसलाच पाहिजे. जीएसटी पोर्टलवर ‘प्रोसेस्ड विथ एरर’ असे दिसले तर काही बिले गेली व काही राहिली, असा त्याचा अर्थ. चुकांचा अहवाल उतरवून घ्यावा.

३. पुन्हा पाठवायच्या त्या फक्त नामंजूर ओळी, वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये.

४. खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल १५ आकड्यांपलीकडचे आकडे शून्य करून टाकते. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असून पाचवे स्थान शून्याचे असते. तेथे इंग्रजी ओ अक्षर पडले की ओळ गेलीच.

५. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात ‘होय की नाही’ विचारणारी आज्ञा ठेवू नका. उत्तराची वाट पाहत ते काम सकाळपर्यंत अडून राहील.

६. नवी फाइल आधी दोन-चार ओळींवर आजमावा.

कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. संगणकाचा निकाल-अहवाल हा आजच्या व्यवहाराचा लेखीच आहे. तो छापून फाइलला लावा. मजुराचा पैसा आपल्याकडे अमानत आहे. यंत्र चुकले, हा जबाब आपल्याला चालणार नाही.