मदत मागण्याची वाट पाहू नका

खचलेल्या विद्यार्थ्याला आपण सगळे एकच सल्ला देतो: मन मोकळं कर, मदत माग. अनुभवांती मला हा सल्ला अपुरा वाटतो, कारण त्यात गृहीत धरलेलं बळच नैराश्य आधी हिरावून घेतं. कशातच रस नाही, झोप नि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटतं, अशी लक्षणं दोन आठवडे टिकली की डॉक्टर नैराश्याची शंका घेतात. स्वतःला कुचकामी समजणारा मुलगा दुसऱ्याचा वेळ मागेल तरी कसा? घरी ताट तसंच राहिलं तर कुणीतरी विचारतं. होस्टेलच्या मेसमध्ये ते लक्षातही येत नाही. वर्गातली गैरहजेरी दिसते, पण ती थेट डिफॉल्टरच्या यादीत जाते, म्हणजे लक्षणालाच शिक्षा होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, हे योग्यच झालं. पण त्याच्या दारापर्यंत पोचायचं काम आजारी मुलावरच सोडलं, तर नेमणूक कागदावरच राहील.

‘परीक्षेचा ताण कुणाला नसतो?’ असं म्हटलं जातं. पण ताण बहुधा पेपर संपले की उतरतो. नैराश्य सुट्टीतही पाठ सोडत नाही. मुलं सज्ञान आहेत, त्यांच्या खासगी गोष्टींत कशाला पडा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र पाळत ठेवणं वेगळं आणि विचारपूस करणं वेगळं. आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात भरेल, ही भीतीही संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट बोलायला वाट मिळते. 2022मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच होतं असं नाही, पण गप्प बसणं परवडणारं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

म्हणून रूममेटने, मेंटॉर शिक्षकाने पुढाकार घ्यावा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघून जाऊ नये. अपॉइंटमेंट घ्यावी, सोबत जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. तो आपणच लावून फोन हातात द्यावा. मुलाने जीव देण्याचा विचार बोलून दाखवला, तर गुप्ततेचं वचन देऊ नये, एकटं सोडू नये, रेक्टरला आणि भरवशाच्या घरच्या माणसाला लगेच कळवावं. डॉक्टरांनी औषधं दिली, तरी त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या भेटीनंतर आपलं काम संपलं असं न मानता तेवढे दिवस जेवायला हाक मारत राहावं.