मोबदला ‘डिटरमिन’ झाला, तरी दाद मागता येते

प्रश्न : आमच्या शेतातून राष्ट्रीय महामार्ग जातो आहे. इंग्रजी कागदात मोबदला ‘डिटरमिन’ केला, ‘अवॉर्ड’ झाला, असं लिहिलंय. मुलगा म्हणतो, डिटरमिन म्हणजे कायमचं ठरलं. आता काहीच करता येणार नाही का?
– एक शेतकरी, सिन्नर, जि. नाशिक

उत्तर : काका, धीर सोडू नका. ‘डिटरमिन’ म्हणजे कागदपत्रं, पुरावे तपासून निश्चित करणं. ‘डिसाइड’ म्हणजे नुसतं ठरवणं, त्यापेक्षा हे वेगळं. ‘अवॉर्ड’ म्हणजे इथे बक्षीस नव्हे, निवाडा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3-जी नुसार रक्कम आधी सक्षम प्राधिकारी निश्चित करतो. ती मान्य नसेल, तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो आणि तो ती नव्याने निश्चित करतो. कायद्यात दोन्हीकडे शब्द एकच आहे, ‘डिटरमिन’! म्हणजे पहिला आकडा शेवटचा नाही.

निवाड्याची प्रत आधी मिळवा. विहीर, पाइपलाइन, द्राक्षबाग मोजणीत आली का, हे ओळ न् ओळ पाहा. बहुतेकदा तिथेच राहून जातं. शेजारच्या जमिनींची खरेदीखतं जमवा. पैसे घेताना ‘हरकत राखून स्वीकारत आहे’ असं लेखी द्या. अर्जाला उशीर नको. आधी वकिलांना कागद दाखवा. न समजलेल्या इंग्रजी मजकुरावर सही मात्र करू नका.