ग्रीष्मातील समुद्रसहल आणि बालकांची ऋतुचर्या

मे महिन्यात कर्जत-खालापूर परिसरातील पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा कित्येक कुटुंबे लहान मुलांसह अलिबाग, काशीद, मुरूडची वाट धरतात. किनाऱ्यावर पारा उतरलेला असला, तरी दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर पुरेसे निवत नाही. वाऱ्यामुळे मात्र हा ताप जाणवत नाही. म्हणून पालकांना सहलीपूर्वीच सल्ला द्यावा, असे आम्ही सुचवितो.

वाग्भटांनी ग्रीष्मात मधुर, लघु, स्निग्ध, शीत व द्रव आहार सांगितला असून व्यायाम व ऊन वर्ज्य केले आहे. तदनुसार सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत मुलांना वाळूत खेळू देऊ नये. शहाळे, साळीच्या लाह्यांचे पाणी, ताजी पेज थोडी थोडी द्यावी. सहा महिन्यांखालील बालकास केवळ स्तन्यच, परंतु वारंवार पाजावे.

जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनी पाकिटावरील प्रमाणानुसारच कालवून द्यावी. मूत्रप्रवृत्ती अल्प होणे, डोळे खोल जाणे, ग्लानी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. अंग तापून बालकाची शुद्ध हरपू लागल्यास तोंडाने काही देऊ नये. अंग ओले करून वारा घालीतच त्यास न्यावे. अशा वेळी घरगुती उपचारांत दवडलेला काळ भरून निघत नाही.