चीनचा बाँब आणि दिल्लीतला वाद

चीनच्या पश्चिम भागात लोप नोर नावाचं ठिकाण आहे. सगळा वाळवंटी मुलूख. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी तिथं एका उंच मनोऱ्यावर चीननं आपला पहिला अणुबाँब उडवला. त्याचा जोर सुमारे २२ हजार टन दारूगोळ्याइतका होता. विहीर खणताना सुरुंग लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. तिथं थोडक्या दारूनं कातळ फुटतो. मग २२ हजार टनांनी काय होईल!

ही बातमी आली तेव्हा १९६२ च्या लढाईची जखम अजून ओली होती. पंडित नेहरूंना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. लालबहादूर शास्त्री नवे पंतप्रधान होते. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. धान्याची टंचाई होती ती वेगळीच.

जनसंघ म्हणाला, आपणही बाँब करू. काँग्रेसमधलेही काही जण तसंच बोलू लागले. दुसरे म्हणाले, गांधीजींच्या देशानं असलं हत्यार हाती धरू नये. शिवाय पैसा आणायचा कुठून?

२४ ऑक्टोबरला डॉ. होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. ते अणुशक्ती खात्याचे प्रमुख. त्यांनी सांगितलं, १० हजार टनांच्या जोराचा एक स्फोट साडेसतरा लाख रुपयांत होतो. लोक चकित झाले. एवढा स्वस्त? पण त्यात मेख होती. अणुभट्टी, कारखाने, बाँब वाहून नेणारी विमानं यांचा खर्च त्यात नव्हता. बैलाची किंमत सांगितली. गोठा, चारा, गाडी धरलीच नाही. बाँब न करणाऱ्या देशांना निर्धास्त वाटेल असं मोठ्या राष्ट्रांनी करावं, हेही भाभा त्याच भाषणात म्हणाले. लोकांच्या तोंडी राहिला तो साडेसतरा लाखांचा आकडा.

नोव्हेंबरात लोकसभेत जोराचा वाद झाला. शास्त्रीजी म्हणाले, आज बाँब करायचा नाही. पण हे धोरण कायमचं नाही. डोंगर फोडायला, बोगदे खणायला अणुस्फोट कामी येईल, तेवढी तयारी करू. दोन्ही बाजू सांभाळल्या म्हणा ना! डिसेंबरात ते लंडनला गेले. अणुबाँबवाल्या राष्ट्रांनी इतरांच्या रक्षणाची हमी द्यावी, असं त्यांनी तिथं सुचवलं. पक्की हमी काही मिळाली नाही.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला वारले. त्याच महिन्यात भाभा विमान अपघातात गेले. १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला भारतानं पहिला अणुस्फोट केला. सरकारनं त्याला नाव दिलं, शांततेसाठी केलेला स्फोट.