तारीख पुढे गेली ते बरं झालं

चि. भाचीस,


वजन उतरवण्यासाठीच्या स्लीव्ह ऑपरेशनची तारीख सर्जननं पुढे ढकलली आणि कारण काय, तर बी-ट्वेल्व्ह आणि डी ही जीवनसत्त्वं कमी. ‘एवढ्याशा गोळ्यांसाठी कोणी ऑपरेशन अडवतं का?’ असा ताईचा फोनवरचा सूर होता. अडवतात, आणि चांगला सर्जन तर अडवतोच. का, ते सविस्तर सांगायचं तर व्हॉट्सअ‍ॅप पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात. मागे उरते ती केळ्याएवढी नळी. कापलेलं परत जोडता येत नाही. भूक कमी होते, चार घासांत पोट भरतं, वजन उतरतं. हे सगळे सांगतात. पण जठर म्हणजे काही नुसती पिशवी नव्हे. त्याच्या भिंतीतल्या पेशी आम्ल तयार करतात आणि इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिनही. आम्ल अन्नातलं बी-ट्वेल्व्ह मोकळं करतं, हा फॅक्टर त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथं ते शोषलं जातं. या पेशींचा मोठा हिस्सा कापलेल्या भागाबरोबर बाहेर जातो. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेत आणखी एक भर: अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून पुढे जातं, आणि लोह नि कॅल्शियम मुख्यतः तिथंच शोषलं जातं. जी कमतरता आज गोळ्या-इंजेक्शनांनी काही आठवड्यांत भरून निघते, तीच ऑपरेशननंतर पिच्छा पुरवते.

आता ताईचा दुसरा प्रश्न. इतकं वजन असलेल्या मुलीला कसली आलीय कमतरता? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. 2006 साली निष्कर्ष छापून आले: 67 टक्के लोकांचं बी-ट्वेल्व्ह कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांचं. उपाशी माणसं नव्हती ही. वरण-भात-पोळी-भाजी दोन वेळा व्यवस्थित जेवणारी, आपल्यासारखीच. शाकाहाऱ्यांना हा धोका चौपटीहून जास्त दिसला. कारण बी-ट्वेल्व्ह जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते पोचतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच. पालेभाजीत ते नाही. आंबवलेल्या इडली-डोशाचा भरवसा नाही आणि स्पिरुलिनाच्या महागड्या बाटलीत जे असतं ते शरीराला फारसं वापरता येत नाही. संभाजीनगरात नान आणि मटणाचा खलिया चापणाऱ्याला निदान ही एक काळजी कमी. बाकीच्या काळज्या त्याच्या त्याला. त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-ट्वेल्व्ह खाली ओढतं. ही गोळी चालू आहे हे सर्जनला आवर्जून सांगायचं.

एक सावधगिरी इथंच. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसराळूपणा वाढतो. रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन बरं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये ते यासाठी.

डीची गोष्ट आणखी मजेशीर. मे महिन्यात संभाजीनगरचा पारा 42 च्या आसपास, आणि तरी इथल्या पोरींचं डी कमी! सिडकोच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून पाहावं. स्कूटीवरची प्रत्येक जण डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. उन्हाला त्वचा इंचभरही दिसत नाही. पुढे आठ तास ऑफिसमध्ये काचेआड. त्वचेत डी तयार करणारे अतिनील-बी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा घरोघरचा सल्ला प्रेमळ आहे, पण कोवळ्या उन्हात हे किरण फार कमी असतात. ते मिळतात साधारण 11 ते 3 च्या दरम्यान. शिवाय डी चरबीत विरघळतं, त्यामुळे वजन जास्त असलेल्या शरीरात ते चरबीत अडकून बसतं आणि रक्तातला आकडा वर चढत नाही. अशा माणसाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो. गच्चीवर बसून हे भागणार नाही.

म्हणून डॉक्टर देतात ती डीची 60,000 युनिटची पुडी. सहसा आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे, आणि मग पुन्हा रक्ततपासणी. घाटी रुग्णालयासमोरच्या मेडिकलांच्या रांगेत कुणीही ती काढून देईल, घोटाळा होतो तो घरी आल्यावर. ‘रोज एक’ समजून घेणारे भेटतात. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ होते, बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. पुडीच्या पाकिटावर वार लिहून ठेवावा, रविवार तर रविवार. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर हवं. आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर अजिबात नाही. या घरात हे सगळ्यात अवघड जाणार.

शेवटचे दोनेक आठवडे सर्जन बहुधा कमी पिष्टमय, जास्त प्रथिनांचं खाणं देतील. त्यानं यकृत आकसतं, आणि जठरावर झाकण धरून बसलेलं यकृत जितकं लहान, तितकी दुर्बिणीला जागा जास्त. 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद सुमारे 500 किलो वजनानं मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हाही डॉक्टरांनी तिला लगेच टेबलावर घेतलं नाही. आधी द्रव आहार. शंभराहून जास्त किलो कमी झाल्यावर, 7 मार्चला, स्लीव्ह झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत ती गेली. तिचे आजार अनेक होते आणि तिची गोष्ट इतर कुणाला लागू करू नये, पण तयारी ही उपचाराचाच भाग असते एवढं त्यातून घेता येतं.

नंतरचं थोडक्यात. गोळ्या आयुष्यभर आहेत, वर्षभरानं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडायच्या नाहीत. यकृतातला बी-ट्वेल्व्हचा साठा एरवी काही वर्षं पुरतो, म्हणून हलगर्जीपणाची शिक्षा उशिरा मिळते आणि माणूस गाफील राहतो. उलट बी-वनचा साठा काही आठवड्यांत संपतो. ऑपरेशननंतर सारख्या उलट्या होत असतील तर ‘पोट सवय करतंय’ म्हणत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर मेंदूवर बेततं. प्रथिनं दिवसाला साधारण 60 ग्रॅम लागतात. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच निघतात, तेव्हा पनीर, दही, सोयाबीन आणि जमलं तर अंडं यांच्याशी आत्ताच मैत्री करावी. आणि मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागेल, हे जावईबापूंनाही आताच सांगून ठेवावं.

राहिला विमा. या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी विमा नियामकाची अट आहे: बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, नाहीतर किमान 35 आणि जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असला पाहिजे. डॉक्टर भारतीयांसाठी याहून कमी बीएमआयलाही शस्त्रक्रिया सुचवतात, त्यामुळे डॉक्टरांचा होकार आणि कंपनीचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचं वजन, उंची आणि जुने शुगरचे रिपोर्ट दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून घे. ऑपरेशनआधीचा आहार सुरू झाला की वजनाचा आकडा बदलेल. पुढच्या ओपीडीला फाइल घेऊन निघशील तेव्हा त्यात पॉलिसीची झेरॉक्सही ठेव.

तुझी,
मावशी